साल नसलेलं गाव

जाहिरातीच्या फलकांबद्दल माझ्या मनात फार वर्षं अढी होती, आणि ती अढी म्हणजेच माझी अभिरुची, असं मी धरून चाललो होतो. पुढे लिहितोय ते एका छंदाबद्दल. पण मला मोकळं व्हायचंय ते या समजुतीपासून.

छंद मॉडेल रेल्वेचा. मी पेनसिल्व्हेनियात राहतो. घराच्या तळघरात पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या मिडल डिव्हिजनचा एक तुकडा उभा केलाय, १:८७ या प्रमाणात. या प्रमाणाला एचओ म्हणतात; खऱ्या जगातला एक फूट इथे साडेतीन मिलिमीटरचा होतो. मिडल डिव्हिजन म्हणजे हॅरिसबर्गपासून अल्टूनापर्यंतचा भाग. बराचसा मार्ग जुनिआटा नदीच्या काठाने जातो आणि त्या काळी तिथे चार रूळमार्ग शेजारी शेजारी धावायचे. मी मूळचा कर्जतचा. घाट चढण्याआधी गाडीच्या मागे लागणारी बँकर इंजिनं बघत मोठा झालो. अल्टूनाच्या पश्चिमेला हॉर्सशू कर्व्ह आहे, १८५४ साली सुरू झालेलं ते प्रचंड वळण. तिथे चढावर जड मालगाड्यांना मागून रेटणारी इंजिनं पहिल्यांदा पाहिली आणि परक्या मुलखात कुणीतरी ओळखीचं भेटावं तसं झालं. रेल्वे निवडायची तर हीच, हे तिथेच ठरलं.

आमच्या घरात जाहिरात हा हलका विषय होता. वडील चित्रकलेचे शिक्षक. चांगल्या वस्तूला ओरडावं लागत नाही, असं ते म्हणायचे आणि रेल्वेलगतच्या रंगवलेल्या भिंती दिसल्या की मान वळवायचे. साबण, दंतमंजन, गुप्तरोगांवरचे हकीम, सगळ्यांना एकच शिक्षा. मीही मान वळवायला शिकलो. अमेरिकेत आल्यावर या सवयीला तत्त्वाचं रूप मिळालं. माणसाला नको त्या वस्तू हव्याशा वाटायला लावायच्या, हा जाहिरातीचा धंदा. तो मला खोटा वाटायचा आणि आजही बराचसा वाटतो. म्हणून माझ्या लेआउटवर, म्हणजे तळघरातल्या त्या मांडणीवर, एकही जाहिरात नव्हती. स्टेशनजवळ विटांच्या तीन मजली इमारती, त्यांच्या आडव्या मोठ्या भिंती, सगळ्या कोऱ्या. रस्त्याकडेला गवत, कुंपण, तारेचे खांब. सिग्नल मात्र अगदी तंतोतंत: पेनसिल्व्हेनिया रेलरोडचे ते पिवळसर दिव्यांच्या रांगांचे पोझिशन-लाइट सिग्नल, रांग उभी की तिरपी की आडवी यावरून गाडी जाईल की थांबेल ते कळणारे. इंजिनांचे रिव्हेट मी फोटोंशी ताडून बघितले होते. रुळांखालच्या खडीचा रंग जमेना म्हणून ती पुन्हा उकरून काढली होती. माझी निष्ठा खऱ्याशी आहे, असं मी लोकांना सांगत असे.

आमच्या भागात एक क्लब आहे. तिथे सगळ्यांचा मिळून एक मोठा लेआउट आहे आणि देखाव्याच्या बाबतीत माझ्या शब्दाला वजन होतं. एकदा एक तरुण सभासद होर्डिंगं घेऊन आला. त्याने ती घरी बनवली होती: टायर, पेट्रोल, शीतपेय, मोटारी, सिगारेट, ब्रेड. काड्यांच्या बारीक चौकटी, खाली जाळी, मागे तिरपे टेकू. त्याने ती क्लबच्या लेआउटवर लावली आणि मी पुढच्या बैठकीत ती काढायला लावली. आपण रेल्वे करतोय, बाजार नाही, असं मी म्हणालो. त्याने मॅसॅच्युसेट्समधल्या पीबडीच्या जॉर्ज सेलिओस यांच्या लेआउटचं उदाहरण दिलं. मंदीच्या काळातलं, १९३० च्या दशकातलं शहर आहे ते, आणि तिथल्या भिंती पाट्यांनी आणि जाहिरातींनी नुसत्या लगडलेल्या आहेत. मी म्हणालो, ते नाटकाचं नेपथ्य आहे. पाठोपाठ लेडी बर्ड जॉन्सन यांचं नावही घेतलं. त्यांनी ज्याचा पाठपुरावा केला तो हायवे ब्यूटिफिकेशन ॲक्ट. त्यावर त्यांचे पती, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी २२ ऑक्टोबर १९६५ रोजी सही केली आणि मोठ्या रस्त्यांकडेच्या होर्डिंगांवर बंधनं आली. बघा, या देशालाही ती घाण वाटली, असा माझा मुद्दा. आमचा लेआउट १९५० च्या सुमाराचा. १९६५ चा कायदा मी त्याला लावत होतो, हे तेव्हा कुणी बोललं नाही. त्या मुलाला ते ठाऊक असणार. त्याने मुकाट्याने होर्डिंगं खोक्यात भरली आणि त्यानंतर बरेच महिने तो कामाच्या संध्याकाळी आला नाही.

मी वयाने मोठा होतो आणि मला मान होता. तो मान मी एका माणसाचं काम न बघताच मोडीत काढायला वापरला. त्याची होर्डिंगं मी जवळ जाऊन पाहिलीसुद्धा नव्हती.

तडा गेला तो नंतर, आणि तोही लगेच कळला नाही. क्लबच्या खुल्या दिवशी मी माझ्या लेआउटचा एक सुटा भाग नेऊन मांडला होता. एक वृद्ध बाई आल्या, ऐंशी ओलांडलेल्या. त्यांचं बालपण याच मार्गावरच्या एका गावात गेलेलं. त्यांनी बराच वेळ सगळं न्याहाळलं. स्टेशनचं छप्पर बरोबर आहे म्हणाल्या, सिग्नल बरोबर आहेत म्हणाल्या. मग म्हणाल्या, ‘‘पण या गावात कुणी काही विकत कसं नाही?’’ मला वाटलं, त्या दुकानांबद्दल बोलतायत. दुकानं दाखवली. त्यांनी मान हलवली आणि माझ्या कोऱ्या भिंतीवर बोट ठेवलं. त्यांचे वडील भिंती रंगवायचे. दोराच्या झुल्यावर उभं राहून, पिठाच्या आणि तंबाखूच्या जाहिराती. इथे अशा रंगाऱ्यांना वॉल डॉग म्हणत. ‘‘स्टेशनजवळची एवढी मोठी भिंत रिकामी असती, तर माझे वडील त्या मालकाच्या दारात जाऊन बसले असते,’’ असं म्हणून त्या हसल्या आणि पुढे गेल्या.

मला त्यांचा राग आला. सरळ सांगायचं तर घरी परत येईपर्यंत मी मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत होतो. बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, ‘‘अहो, पण त्या चुकीचं काय बोलल्या?’’

चुकीचं काहीच नव्हतं. त्या रात्री तळघरात जाऊन मी त्या भिंतीसमोर बसलो आणि एक साधा प्रश्न पहिल्यांदाच स्वतःला विचारला: हे गाव कुठल्या साली आहे? मी सगळ्यांना १९५२ सांगायचो. पण ते दिसतं कशावरून? माझं लाडकं इंजिन के-४. ते पहिल्यांदा १९१४ साली बनलं आणि या वर्गातली शेवटची इंजिनं १९५७ मध्ये थांबली, पेनसिल्व्हेनिया रेलरोडवर वाफेचा शेवट झाला त्याच वर्षी. त्रेचाळीस वर्षं. स्टेशनची इमारत त्याहून जुनी. पूल दगडी, तर तो शतकभर तसाच. नदी आणि डोंगर यांना तर साल नसतंच. डिझेल इंजिनं काढून ठेवली, तर माझं गाव १९२५ सालचं म्हणूनही खपलं असतं. मी रिव्हेट मोजत बसलो होतो आणि काळ माझ्या हातून निसटला होता.

होर्डिंगवरचा कागद साधारण महिनाभर टिकायचा. महिना झाला की कंपनीची माणसं शिडी आणि खळीची बादली घेऊन यायची आणि नवा चिकटवायची. इंजिन चाळीस वर्षं जगतं, कागद तीस दिवस. म्हणजे साल सांगायचं काम कागदच करतो. त्या मुलाला हे माहीत होतं. मला, खऱ्याशी निष्ठा सांगणाऱ्याला, हे सुचलंही नव्हतं.

एवढ्यावर मी हरलो असतो, पण बदललो नसतो. तांत्रिक चूक म्हणून चार होर्डिंगं लावली असती आणि अढी तशीच ठेवली असती. खरा बदल एका छायाचित्राने घडवला. त्याबद्दल जरा सविस्तर लिहायचंय.

अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयात मंदीच्या आणि युद्धाच्या काळात सरकारने काढवून घेतलेली छायाचित्रं आहेत, दीड लाखाहून जास्त, आणि ती कुणालाही बघता येतात. मी तिथे जॅक डेलानो यांची चित्रं शोधायला गेलो होतो. १९४२-४३ मध्ये त्यांनी शिकागोची रेल्वे यार्डं टिपली, काही रंगीतसुद्धा. मॉडेल करणाऱ्यांसाठी ती सोन्याची खाण आहे. ती बघता बघता डोरोथिया लँग यांचं एक चित्र समोर आलं. मार्च १९३७, लॉस एंजलिसकडे जाणारा रस्ता. दोन माणसं पाठमोरी चालली आहेत, सामान हातात घेऊन. त्यांचे चेहरे दिसत नाहीत. रस्ता सरळ, उघडा, कुठेही सावली नाही. आणि कडेला एक मोठं होर्डिंग: आरामखुर्चीसारख्या आसनात एक गृहस्थ मागे रेलून बसलाय आणि शेजारी लिहिलंय की पुढच्या वेळी रेल्वेने जाऊन बघा, आराम करा. खाली नाव सदर्न पॅसिफिकचं.

रेल्वेची जाहिरात. मी ज्या गोष्टीवर प्रेम करतो तिची, आणि ज्या गोष्टीचा तिरस्कार करतो तिच्यात.

पहिली प्रतिक्रिया नेहमीचीच आली: बघा, जाहिरात किती क्रूर. पण मी ते चित्र बंद केलं नाही. त्यातून होर्डिंग काढून टाकलं तर काय उरतं, याचा विचार करत राहिलो. उरतात दोन माणसं आणि एक रस्ता. ती फिरायला निघाली असतील. घरी निघाली असतील. त्यांच्याकडे तिकिटाचे पैसे नाहीत, हे आपल्याला त्या माणसांकडे पाहून कळत नाही. कळतं ते त्या रेललेल्या गृहस्थाकडे पाहून. ते होर्डिंग खोटं होतं, पण ते तिथे होतं. लँग बाईंनी ते चौकटीबाहेर ठेवलं असतं तर चित्र स्वच्छ झालं असतं आणि आंधळंही. त्याच वर्षी मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी लुईव्हिलच्या पुरानंतर काढलेलं चित्रही मग मी पुन्हा पाहिलं. मदतीसाठी रांगेत उभे असलेले कृष्णवर्णीय लोक, हातात बादल्या आणि पिशव्या, आणि त्यांच्या डोक्यावर मोटारीत बसलेल्या हसऱ्या गोऱ्या कुटुंबाचं होर्डिंग. जगातलं सर्वात उंच राहणीमान आपलं, असं सांगणारं. ते चित्र मला आधीपासून ठाऊक होतं. ‘बघा जाहिरात किती खोटी’ याचा पुरावा म्हणून मी ते लोकांना दाखवायचोसुद्धा. आणि माझ्या गावात मात्र भिंती कोऱ्या. म्हणजे खोटं मी काढलं नव्हतं, खोटं उघडं पाडणारी वस्तू काढली होती.

त्या सदर्न पॅसिफिकच्या होर्डिंगात आणखी एक गोष्ट होती, ती कळायला मला आणखी काही दिवस लागले. ते होर्डिंग मोटाररस्त्यावर उभं होतं. रेल्वेला आपली जाहिरात रस्त्यावर करावी लागत होती, कारण तिचे उतारू तिथे गेले होते. हे ध्यानात आलं आणि मी माझ्या गावाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. १९५२ मध्ये माझ्या स्टेशनलगतच्या भिंतींवर काय असलं असतं? मोटारी, टायर, पेट्रोल. पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक १ ऑक्टोबर १९४० रोजी सुरू झाला होता. त्याचे बहुतेक बोगदे १८८५ मध्ये अर्धवट सोडून दिलेल्या एका रेल्वेमार्गासाठी खोदायला घेतलेले होते. रेल्वेने सोडलेल्या भोकांतून मोटारी गेल्या. १९५६ मध्ये आंतरराज्य महामार्गांचा कायदा आला. १९६८ मध्ये पेनसिल्व्हेनिया रेलरोड पेन सेंट्रलमध्ये विलीन झाली आणि जून १९७० मध्ये पेन सेंट्रलने दिवाळं काढलं. एवढी मोठी रेल्वे का बुडाली, याचं अर्धंअधिक उत्तर तिच्याच रुळांशेजारच्या भिंतींवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं. मी ते पुसून टाकलं होतं, रेल्वेवरच्या प्रेमापोटी. माझं गाव सुंदर दिसायचं, कारण त्याला कशाची चाहूलच नव्हती.

आणि दुसरी लबाडी, ही मला जास्त लागली. ओहायोकडे जाताना रस्त्याकडेला अजूनही काही कोठारं दिसतात, ज्यांच्या लाकडी भिंतींवर मेल पाउच तंबाखूची जाहिरात आहे, काळ्या पार्श्वभूमीवर पिवळी-पांढरी अक्षरं. हार्ली वॉरिक नावाच्या रंगाऱ्याने १९४६ पासून अनेक दशकं ती रंगवली, सुमारे वीस हजार. १९६५ च्या कायद्याने होर्डिंगांवर बंधनं आणली, पण १९७४ मध्ये या कोठारांना वारसा म्हणून सूट मिळाली. मी त्यांच्यासमोर गाडी थांबवून फोटो काढले आहेत. पाहुण्यांना मुद्दाम वाट वाकडी करून दाखवली आहेत. तंबाखूची जाहिरात, आणि मी तिला लोककला म्हणत होतो! जाहिरात मेली की मला आवडायची. जिवंत असली की ती बाजारू. याला अभिरुची म्हणत नाहीत.

कर्जतचंही तेच. त्या बँकर इंजिनांपैकी एकाचाही नंबर आज मला सांगता येणार नाही. पण माल धक्क्याच्या भिंतीवरचा कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण, त्याच्या शेजारचे ते चौघांचे चेहरे, खालच्या कोपऱ्यातला उडालेला पोपडा, हे आजही डोळ्यांसमोर आहे. मान वळवायच्या आधी मी पाहत होतो.

मग कामाला लागलो. तेव्हाच्या मोठ्या भित्तिपत्रकाचं माप ठरलेलं होतं, त्याला चोवीस शीट म्हणत. चौकटीसह फलक साधारण बारा फूट उंच आणि पंचवीस फूट रुंद. माझ्या प्रमाणात बेचाळीस मिलिमीटर आणि साडेसत्त्याऐंशी मिलिमीटर. हे आकडे कागदावर काढले तेव्हा मला त्याचा आकार पहिल्यांदा समजला: माझ्या स्टेशनच्या तिकीट खिडकीच्या खोलीपेक्षा तो मोठा होता. एवढी मोठी वस्तू गावात नव्हती असं मी मानलं होतं.

भिंतीवरची रंगवलेली जाहिरात करणं जास्त कठीण. पातळ कागदावर ती छापायची. मग कागद उलटा करून बारीक पॉलिशपेपरने मागून घासत राहायचं, हळूहळू, बोटाखाली तो साबणाच्या फेसाइतका मऊ लागेपर्यंत. जरा जोर पडला की भोक. मागे पाणी घातलेला पांढरा डिंक लावून तो विटांवर ठेवायचा आणि ओल्या ब्रशने एकेक रांग दाबत जायची. कागद विटांच्या फटींत उतरतो. वाळल्यावर तो कागद राहत नाही, भिंतच होते. प्रत्येक अक्षरातून आडव्या सांध्यांच्या रेषा जातात. वरून खडूची राखाडी पूड. खालच्या कडेला एक पट्टी मी मुद्दाम खरवडली आणि तिथे आधीच्या जाहिरातीचं एक अर्धं अक्षर दिसू दिलं, कारण कुठल्याही भिंतीवरची जाहिरात पहिली नसते. छापील कागदावर उन्हात तांबडा आणि पिवळा आधी उडतो, निळा मागे राहतो, म्हणून जुना फलक निळसर दिसतो. हे मला आधी कधी जाणवलं नव्हतं.

साल पक्कं करण्यासाठी मी ऑक्टोबर १९५२ धरला. निवडणुकीचा महिना: आयझेनहॉवर विरुद्ध स्टीव्हन्सन. आयझेनहॉवर स्वतः रेल्वेगाडीतून प्रचार करत फिरले आणि स्टीव्हन्सन यांच्यासाठी ट्रूमनही. माझ्या स्टेशनच्या कुंपणावर आता दोन्ही पक्षांची पत्रकं आहेत, एकमेकांवर चिकटवलेली. नोव्हेंबरनंतर त्यातली कुठलीच उरली नसती. सिगारेटच्या फलकावर लकी स्ट्राइकचं पाकीट आधी हिरवं छापलं होतं. ते १९४२ मध्येच पांढरं झालं. हिरवा रंग युद्धावर गेला, अशी कंपनीने त्याची मोठी जाहिरात केली होती. हिरवं पाकीट फाडून टाकलं. आमच्या राज्याची ओळख म्हणून हर्शी चॉकलेटचं होर्डिंग करायला घेतलं आणि मग समजलं की हर्शीने ग्राहकांसाठी देशभर जाहिरात करायला १९७० मध्ये सुरुवात केली. इतक्या मोठ्या कंपनीने इतकी वर्षं न ओरडता माल विकला. माझ्या वडिलांना ही गोष्ट सांगायला हवी होती.

होर्डिंगांची दिशा हा एक वेगळाच धडा होता. हात आपोआप ती बघणाऱ्याकडे वळवतात. पण होर्डिंग असतं रस्त्यावरच्या गाडीवाल्यासाठी. रस्ता माझ्या लेआउटवर पलीकडून जातो. म्हणून बरीच होर्डिंगं मी उलटी केली. तळघरात उभ्या माणसाला आणि रेल्वेच्या उतारूला त्यांची पाठ दिसते, लाकडी टेकू, उघडे खिळे, मागे वाढलेलं गवत. एवढी मेहनत करून छापलेलं चित्र पलीकडे. ते बघायचं तर आरसा धरावा लागतो. मला हे सर्वात खरं वाटतं, आणि १९५२ मधल्या रेल्वेची अवस्था यापेक्षा नेमकी मला दाखवता आली नसती.

सगळं सुटलेलं नाही. कॅमल सिगारेटची एक मोहीम होती, १९४६ पासून चाललेली, डॉक्टर कोणती सिगारेट ओढतात ते सांगणारी. पांढऱ्या कोटातला हसरा डॉक्टर माझ्या गावात आहे. एका लहान मुलीने मला विचारलं, डॉक्टर खरंच ओढायचे का? हो, ओढायचे, आणि धूम्रपानाच्या धोक्यावरचा सर्जन जनरलचा अहवाल यायला तेव्हा अकराहून जास्त वर्षं होती, जानेवारी १९६४. तिला हे सांगताना मला त्या फलकाबद्दल अपराधी वाटलं नाही, कारण त्याच्यामुळेच ती विचारू शकली.

पण प्रत्येक फलकाबद्दल असं बोलता येत नाही. त्या काळच्या खाद्यपदार्थांच्या जाहिरातींत कृष्णवर्णीय माणूस बहुतेक वेळा एकाच रूपात यायचा: हसरा आचारी, हसरी मोलकरीण. आंट जेमायमा हे नाव २०२१ पर्यंत दुकानात होतं. स्टेशनसमोरच्या धान्याच्या वखारीची मोठी भिंत मी अजून कोरी ठेवली आहे, कारण तिथे खरोखर असंच काही असलं असतं आणि मला ते लावता येत नाही. लावलं तर आमच्या खुल्या दिवशी येणाऱ्या एखाद्या कुटुंबाला ते माझ्या हातून पुन्हा सहन करावं लागेल. न लावलं तर मी पुन्हा तेच करतोय, काळ धुऊन घेतोय. लँग आणि बर्क-व्हाइट यांच्या चित्रांत होर्डिंगासमोर माणसं होती, म्हणून ती बोलली. माझ्या भिंतीसमोर कोण उभं करू?

या प्रश्नासाठी मी त्या तरुणाकडे गेलो. आधी माफी मागितली. तुझं काम मी न बघता काढायला लावलं, असं सांगितलं. त्याने ती ऐकून घेतली, लगेच ‘काही हरकत नाही’ म्हटलं नाही, आणि मला ते बरं वाटलं. मग त्याने ते खोकं काढलं. त्याची होर्डिंगं मी पहिल्यांदा हातात घेऊन पाहिली: प्रत्येक फलकावर शीटांचे सांधे होते, नखाने ओढलेले, आणि एका कोपऱ्यात कागद सुटून वळलेला. माझ्यापेक्षा कितीतरी सरस.

त्याचं मत असं, की त्या भिंतीवर ती जाहिरात लावावी आणि लेआउटच्या कडेला छोटी पाटी ठेवून सांगावं, हे काय आहे आणि का आहे. माझं मत असं, की पाटी वाचायला लोक थांबत नाहीत आणि भिंत मात्र लांबून दिसते. तो म्हणतो, मग भिंतीसमोर माणसं उभी कर: पेनसिल्व्हेनिया रेलरोडवर रूळ सांभाळणाऱ्या टोळ्यांत आणि डब्यांतल्या सेवकांत कृष्णवर्णीय माणसं किती होती ते तुला माहीत आहे, आणि तुझ्या गावात एकही नाही. हे खरं आहे. मी गावात उभी केलेली माणसं पाकिटातून जशी आली तशी लावली होती, सगळी गोरी. इतकी वर्षं, आणि मी स्वतः गोरा नसूनही. त्याच्या या बोलण्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. रंगवायला माणसं आणली आहेत. भिंतीचं ठरलेलं नाही. पुढच्या खुल्या दिवसाआधी आम्ही दोघं तळघरात बसणार आहोत, आणि त्या वृद्ध बाईंनाही मी बोलावणं पाठवलंय.